आबांच्या फोटोसाठी घेतलेला कॅमेरा

आई, आबांना आत नेलंय. तळेगावच्या या दवाखान्यात बायपास करतात, आणि बाहेर बसलेल्यांना कुणी काही सांगत नाही. काचेच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत बसायचं, एवढंच काम. आपला धाकटा चहा आणायला म्हणून खाली जातो आणि चहा न आणताच वर येतो. मला गप्प बसवत नाही हे तुला माहीत आहे, आणि त्याच्याशी बोलायला गेले तर आमचं भांडण होईल, म्हणून त्याच्या पोरीच्या शाळेच्या वहीतली पानं फाडून तुला लिहायला बसले आहे. माझ्या पर्समध्ये एक छोटा कॅमेरा आहे. जे काही सांगायचंय ते त्याच्यापाशीच येऊन अडतं.

तू गेलीस तेव्हा दहाव्याला ठेवायला घरात तुझा एक धड फोटो नव्हता. ट्रंका उपसल्या, देवघराचे खण बघितले, तुझ्या माहेरी माणूस पाठवला. शेवटी मामाच्या लग्नाच्या अल्बममध्ये तू सापडलीस, बायकांच्या घोळक्यात, कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी लपलेली. कामशेतच्या स्टुडिओवाल्याने तेवढा चेहरा कापून घेतला आणि कॉम्प्युटरवर त्याला खालून दुसरं अंग जोडलं. निळी जरीकाठी साडी, गळ्यात हा एवढा राणीहार. त्याच्याकडे म्हणे असली अंगं तयारच असायची, बायकांना साड्या, पुरुषांना कोट. आबांनी फोटो हातात घेतला आणि म्हणाले, "ही कोन बाई?" दुसऱ्या दिवशी विधी होता, वेळ नव्हता, तोच लावला. तो अजून भिंतीवर आहे. परवा धाकट्याच्या पोरीने मला विचारलं, आत्या, आजीचा तो हार कुणाला दिला? काय सांगणार होते मी, कपाळ!

यात तुझीही चूक होतीच, आज स्पष्ट सांगते. कॅमेरा दिसला की तू पळायचीस. लग्नाघरी फोटोवाला आला की तू पुऱ्या तळायला आचाऱ्याच्या मागे. तो लोणावळ्याचा दिवस मला अजून दिसतो. चिक्कीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तुम्ही बायका शेंगदाणे निवडताय, गुळाच्या पाकाचा वास आणि भट्टीची धग आहे, मी शाळेतून येऊन पोत्याला टेकून बसले आहे. तू कशावर तरी खदखदून हसतेस. तेवढ्यात मुंबईची एक बाई दुकानातून आत डोकावते आणि गळ्यातला कॅमेरा उचलून फोटो घेते. तू पदर ओढतेस, पण उशिरा. मी मात्र दात काढून बसलेली. ती गेल्यावर तू माझ्या दंडाला धरलंस. "लोकांच्या फोटूत आपलं काय काम? माज्या त्वांडाचं काय लोनचं घालनार हाय का ती?" म्हणजे बघ, तुझा खरा फोटो, हसणारा, तुझ्या स्वतःच्या लुगड्यातला, मुंबईत कुणाच्या तरी घरी पडून असेल, आणि आमच्या वाट्याला राणीहार आला. मला याचा राग येतो. अजून येतो.

आबांना या हंगामात भात झोडताना छातीत कळ आली. खळ्यावरच बसले. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि आबा नाही म्हणाले. मग कसेबसे तयार झाले, पण कधी फिरतील याचा नेम नव्हता. तपासणीसाठी दवाखान्यात होते तेव्हा मी मोबाइलवर त्यांचा एक फोटो घेतला होता, कंपनीत शिफ्टला असलेल्या धाकट्याला पाठवायला. त्यांनी बघितलं. "आजाऱ्याचा फोटू काडतीस? पूस त्यो." त्यांच्यासमोर पुसावा लागला. तेव्हापासून कुणी मोबाइल वर धरला की हे भिंतीकडे तोंड करणार. आणि इकडे धाकटा मला रोज फोन करून म्हणतोय, ताई, आबांचा एक तरी नीट फोटो पाहिजे. एकदा मी ओरडलेच त्याच्यावर, "कशाला पाहिजे ते तोंडाने बोल ना!" त्याने फोन ठेवला. दोघांच्याही डोळ्यांपुढे भिंतीवरची तूच होतीस.

भीती दुसरीच होती. आम्ही फोटो जमवतोय असा आबांना नुसता वास जरी आला असता तर ते म्हणाले असते, तुमी तर तयारीच केली, मग कापाकापी कशाला? आणि घरी बसले असते. त्यांचा हट्ट तुला मी काय सांगू. तेव्हा मला कॅमेरा सुचला. आबांच्या लेखी मोबाइल म्हणजे कटकट, पण कॅमेरा म्हणजे बारसं, साखरपुडा, काहीतरी चांगलं. तुंगार्लीच्या बंगल्यांना दूध घालायचे तेव्हा तिथल्या साहेबांच्या मनगटाला लटकणारा काडेपेटीएवढा कॅमेरा त्यांनी बघितला होता, आणि तो किती छोटा होता हे ते घरी येऊन बोटांनी दाखवायचे. धाकट्याच्या पोरीचा वाढदिवस जवळ आला होता. तिच्या वाढदिवसाला म्हणून कॅमेरा घ्यायचा असं मी ठरवलं.

लोणावळ्याच्या बाजारातला दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, असले कॅमेरे आता कोण घेतं? तुमच्या फोनमध्ये याच्यापेक्षा चांगला येतो." मी म्हटलं, मला फोन नकोय. मी हॉटेलच्या काउंटरवर नोकरी करते, पर्यटकांना तोंड देऊन माझी जीभ तयार झालेली आहे, तो लगेच वरमला. खिशाला परवडतील असे दोनच निघाले. एक नवा कोरा, कधी न ऐकलेल्या कंपनीचा, खोक्यावर मेगापिक्सेलचा भलामोठा आकडा. दुसरा वापरलेला, चंदेरी, कडेला ओरखडा पडलेला, पण चालू केला की त्याचं भिंग सुळकन पुढे यायचं. "कॉलेजच्या पोरी आता हेच जुने शोधत येतात," तो म्हणाला, "आणि खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. दोन्हीने माझा फोटो काढा, मग ठरवा." दुकानात उजेड बेताचाच. नव्याने त्याचा चेहरा भिजवलेल्या कणकेसारखा काढला. जुन्याने त्याच्या मिशीतला पांढरा केस न् केस दाखवला. कातडीचा रंग खरा होता. मला तेवढंच हवं होतं, माणूस होता तसा यावा. मी जुना घेतला.

वाढदिवस पार पडला. पोरीचे, वहिनीचे, केकचे, अगदी म्हशीचेसुद्धा फोटो निघाले. आबांकडे वळले की आबा उठून गोठ्याकडे. मी हसतेय, वहिनी हसतेय, धाकटा मला डोळ्यांनी खुणावतोय, आणि आबा आम्हा तिघांकडे असे बघताहेत की मी कॅमेरा खाली घेतला. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर आता नाही म्हणतील. दवाखान्यात भरती व्हायला एकच दिवस राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला हाक मारली. अंघोळ झालेली, दाढी केलेली, परीटघडीचा सदरा, डोक्यावर टोपी. अंगणात खुर्ची त्यांनी स्वतःच उजेडाला मांडली होती.

"त्यो कॅमेरा आन."

"कशाला, आबा?"

"कशाला म्हंजे? ज्याच्यासाठी आनलास त्याच्यासाठी."

मी काहीतरी बडबडले, असं बोलू नका, आठवड्याभरात घरी याल, डॉक्टर म्हणालेत. त्यांनी हात वर केला.

"येईन तर येईन. पर तुज्या आईला तुमी परक्या बाईचं अंग लावलंत. रोज दिवा लावताना मला तिचं फकस्त त्वांड बघावं लागतं, खाली बघवत न्हाई. माजं तसं नगं. माजा सदरा माजा पायजे. काड."

आई, इतकी वर्षं ते हे गिळून होते. मला वाटायचं त्यांना सवय झाली. मला तिथे अंगणात हुंदका फुटला असता, पण मी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला म्हणून बरं झालं.

या कॅमेऱ्याचं बटण आधी अर्धं दाबायचं असतं. टिकटिक वाजतं, चेहऱ्याभोवतीचा चौकोन हिरवा होतो, मग पूर्ण दाबलं की फोटो येतो. मी अर्धं दाबलं. चौकोन हिरवा झाला. त्या चौकोनात आबा ताठ बसले होते, ओठ मिटून, नजर सरळ. आपल्याकडे भिंतीवरची माणसं जशी बघतात तसे बघत होते. मला हार दिसला. खाली उदबत्ती दिसली. माझं बोट तिथेच थांबलं, पुढे जाईना. आणि आबांनी ती टिकटिक ऐकली.

"आला?"

"आला," मी म्हणाले.

"चांगला आला?"

"छान आलाय."

मी घाबरले होते, आता म्हणतील दाखव. पण ते उठले, टोपी काढून घडी घातली आणि म्हणाले, "मला नगं दावू. मी कुटं बघनार हाय त्यो." मग धाकट्याला हाक मारून सांगितलं, "फोटूचं काम झालं. चला आता कुटं न्यायचं तितं." ऑपरेशनच्या कागदांवर त्यांनी त्याच दिवशी काही न बोलता सही केली. आत नेताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, असे निवांत होते की जणू शिरगावला दर्शनाला निघालेत.

ते त्या फोटोच्या भरवशावर आत गेलेत. आणि मी त्यांना फसवलंय. काही झालं तर तो स्टुडिओवाला पुन्हा विचारेल, कोट कुठला लावू? मग मी कुणाला तोंड दाखवू? पण दुसऱ्याच क्षणी असं वाटतं की फोटो नाही तर आबांना जाता येणारच नाही, त्यांना काचेच्या त्या दारातून बाहेर यावंच लागेल. हा शुद्ध वेडेपणा आहे, कळतंय मला. तरी मी त्यालाच धरून बसले आहे.

ही पानं पाठवायची कुठे, हा प्रश्नच नाही. घडी करून पर्समध्ये टाकीन. धाकटा पुन्हा वर आलाय, आणि या वेळी खरंच चहा आणलाय. माझ्याजवळ बसून म्हणतोय, "ताई, दाखव ना आबांचा फोटो, कसा आलाय बघू दे." त्याचे डोळे लाल आहेत. मी त्याला सांगितलं, बॅटरी उतरलीय. बॅटरी भरलेली आहे, आई.