ताईचा पडून असलेला कॉम्प्युटर

१४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागावी असं तुझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही, म्हणून हे पत्र. आमच्या घरचा नवा कॉम्प्युटर फार वेगवान आहे. हसू नकोस. पहिल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत मी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळायचो. तो परवा एका ओळखीच्याने मिळवून दिला. पण या नव्या यंत्रावर तो असा काही धावतो, की मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत माझी गाडी भिंतीवर आदळून, पेटून, विझून मोकळी झालेली असते. या वयात माणसाला हळू चालणारं काहीतरी हवं असतं, असं मी बायकोला म्हणालो. तिने आरशात बघायला सांगितलं.

तेव्हा मी जुन्या सुट्या भागांतून त्या काळचा कॉम्प्युटर स्वतः जुळवायला घेतला आहे. कॅबिनेट ऑफिसच्या अडगळीतून उचललं. जाडजूड मॉनिटर दातांच्या डॉक्टरांनी दिला, बहुधा मी पुन्हा येऊ नये म्हणून. आवाजाचं कार्ड दुरुस्तीवाल्याकडे मिळालं. अडलंय ते मदरबोर्डवर. हे कार्ड बसेल अशी खाच असलेला बोर्ड आता त्या काळच्या डब्यातच मिळेल, असं दुरुस्तीवाला म्हणतो.

मग आठवलं, भाऊजींनी हिशेबासाठी घेतलेला तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर तुमच्या मागच्या खोलीत असेल. भाऊजी आता लॅपटॉपवाले झाले, म्हणजे तो नुसताच पडून असणार. असेल तर पाठव. वापरात असेल तर अजिबात नको, तसं स्पष्ट कळव.

भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव, वेग वाढवू नकोस.

तुझा,
धाकटा

---

२२ एप्रिल

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पन्नाशीला आलेला माणूस गाडी आपटते म्हणून रडतो, हे वाचून ह्यांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. लहानपणी तुझी लाकडी मोटार जिन्यावरून पडली होती तेव्हाही तू असंच घर डोक्यावर घेतलं होतंस.

कॉम्प्युटर पडूनच होता. उगाच जागा अडवत होता. पार्सलवाल्याकडे आजच दिला आहे. ह्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून बांधला, तेव्हा उघडताना गाठी कापू नकोस, सोड. चादर चांगली आहे. ह्यांना मधेच काहीतरी बोलायचं होतं, पण मी दोरी धरायला लावली.

मागच्या बाजूला एक अंगठ्याएवढी डबी खोचलेली आहे, ती आहे तिथेच राहू दे. आणि तुझं खेळून झालं, अगदी मन भरलं, तर कळव. शाळा उघडायच्या आत झालं तर बरंच, नाही झालं तरी काही अडत नाही. कशाला अडेल?

जेवणाच्या वेळा पाळ. भावजयीला आशीर्वाद. आठवण येईल तेव्हा दोन ओळी टाकत जा, तेवढ्यावर माझं भागतं.

तुझी,
ताई

---

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विजय असो! तुझा डबा उघडला, त्याची आतडी काढली आणि माझ्या कॅबिनेटमध्ये बसवली. तीन दुपारी गेल्या, एक नख गेलं, आणि बायकोचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही गेला. पण काल संध्याकाळी गाडी सुरू झाली आणि ताई, काय सांगू, ती हळू चालली! वळणावर मी चक्क वळलो.

एक शंका आहे. पंख्यात निळ्या-पिवळ्या दोऱ्यांचे इतके पुंजके निघाले, की भाऊजी हिशेब करायचे की कॉम्प्युटरवर रजई शिवायचे? किबोर्डवरची काही अक्षरं तर पार पुसून गेली आहेत. एवढं कुणी बडवलं त्या बिचाऱ्याला? हार्डडिस्कवर कसले कसले कप्पे भरलेले होते, ते सगळं पुसून डिस्क कोरी करकरीत केली. ती मागची डबी दुरुस्तीवाल्याला निरुपयोगी वाटली, म्हणून काढली. तिची उंची मात्र नामी आहे. किबोर्डचा एक पाय मोडलाय, त्याखाली ती अशी बसली, जणू त्यासाठीच जन्मली.

आणि बातमी म्हणजे, या सगळ्यावर मी माझ्या रविवारच्या सदरात लेख लिहिला. काही घरं भंगार कसं पोटच्या पोरासारखं जपतात आणि भावाने मागितलं की कसं डोळे पुसत सोडतात, अशी थट्टा आहे. तुझं नाव नाही, पण तू ओळखशील. संपादक म्हणाले, बऱ्याच दिवसांनी हात सुटलाय.

चादर घडी करून ठेवली आहे. गाठी कापल्या, क्षमस्व. रागावलीस तरी दोन दिवसांच्या वर रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

---

२७ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

यातलं ‘साष्टांग’ मी दातओठ खात लिहिलं आहे, हे आधी सांगते. तुझा लेख इथे हॉस्टेलवर मैत्रिणींनी मोठमोठ्याने वाचला. सगळ्या हसल्या. मग मी त्यांना सांगितलं की ते भंगार कोण वापरत होतं. नंतर कुणी हसलं नाही.

मामा, आई भरतकाम करते हे तुला माहीत आहे. कशावर करते, हे कधी विचारलंस का? मागच्या खोलीत तिची भरतकामाची मशीन आहे. ती नव्या कुठल्याच कॉम्प्युटरशी बोलत नाही, बाबांच्या लॅपटॉपला तर तिची तारच बसत नाही. ती फक्त त्या पिवळ्या डब्याचं ऐकायची. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचे बिल्ले आई दर उन्हाळ्यात त्यावर काढते. आणि ती डबी म्हणजे त्या प्रोग्रॅमची किल्ली. ती खोचलेली नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही.

आजीचा नियम तू विसरलास? आपल्याकडे कुणाला काही द्यायचं झालं, तर घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून पडूनच होतं असं म्हणायचं. तू स्वतः मला तुझा कॅमेरा दिलास तेव्हा हेच म्हणालास, आणि मामीने नंतर सांगितलं की तू आठवडाभर तोंड पाडून फिरत होतास. सगळ्या जगात हे वाक्य खरं मानणारा पहिला माणूस आमच्याच घरात निघावा! आई फोनवर असं बोलली असती तर आवाजावरूनच कळलं असतं. म्हणून तर अशा वेळी ती पत्र लिहिते.

आता ती बिल्ले हाताने भरते आहे. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू स्वतःचं काम बाजूला ठेवून मदतीला बसतात. शाळेने सांगितलंय, उघडायच्या दिवशी बिल्ले नसतील तर पुढच्या वर्षीपासून दुकानात देऊ. आणि हो, आईने तुझा लेख कापून ठेवलाय. काकूंना वाचून दाखवला, हातातला बिल्ला भरता भरता. म्हणाली, भाऊ किती छान लिहितो.

हे मी तुला कळवलं हे तिला कळता कामा नये. तुझ्यावर प्रेम आहे, सध्या ते जरा लांब उभं आहे.

तुझी,
भाची

---

१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी थोडक्यात लिहितो. तो खेळ खेळून झाला. खरं सांगायचं तर कंटाळा आला. कॉम्प्युटर इथे नुसताच पडून आहे, उगाच जागा अडवतो. बोर्ड परत त्याच्या मूळच्या कॅबिनेटमध्ये बसवला आहे. पार्सलवाल्यांचा भरवसा नाही, म्हणून स्वतः घेऊन येतो. गुरुवारी दुपारपर्यंत पोचेन.

ती मागची डबीही आणतो आहे. धुतली नाही, फक्त पुसली.

तो प्रोग्रॅम पुन्हा घालायच्या सीडी वगैरे काही तुझ्याकडे असतील, तर शोधून ठेवशील का? मी सहज विचारतो.

माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस. दार उघडलंस तरी पुष्कळ.

धाकटा

---

१५ जून

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायला घ्यायचो ते दुसऱ्याच ओळीला विनोदी होऊ लागायचं. सदरातही माफी लिहायला बसलो होतो. तिसऱ्या परिच्छेदात माझी मलाच दाद मिळाली, तेव्हा कागद फाडला. शरमेची सुद्धा मैफल करायची सवय लागली की माणसाचं काही खरं नाही.

तुझ्या घरी मी इतक्या वेळा आलो, पण पुढच्या खोलीतून उठून मागच्या खोलीत कधी गेलो नव्हतो. आलो त्या गुरुवारी पहिल्यांदा गेलो, आणि अजून इथेच आहे. मशीनवर फडकं टाकलेलं होतं. टेबलावर कॉम्प्युटरच्या जागी त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता, भोवती धूळ. मी तो डबा त्या चौकोनात ठेवला. तुझे बाबा दारात उभे राहून माझ्याकडे न बघता खिडकीचा कोयंडा तपासत होते. इतकं लक्षपूर्वक कोयंडा तपासणारा माणूस मी पाहिला नाही.

सीडी निघाल्या. प्रोग्रॅम चढला. किल्ली खोचली आणि तो उघडला. पण बिल्ल्याची आकृती मी पुसून टाकली होती, तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ताईने जुन्या गणवेशाचा एक खिसा काढला, भिंग घेतलं आणि टाका टाका मोजत ती पुन्हा मांडायला बसली. दोन दिवस बसली. मी माफीचं पहिलं वाक्य काढलं की ती मला चहा टाकायला पाठवायची. त्या दोन दिवसांत या घरात जेवढा चहा झाला, तेवढा लग्नघरीसुद्धा होत नाही. पहिला बिल्ला मशीनवर उतरला तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला आणि विचारलं, कडा नीट आल्यात का. मला दिसलं नाही. चष्म्यावर वाफ होती असं म्हणालो.

आता तुला बरी नसलेली बातमी. बिल्ले सगळे झाले नाहीत. शाळेने अर्धं काम दुकानात दिलं, आणि पुढच्या वर्षीचं बघू म्हणाले. ताईने ते ऐकून घेतलं, घरी आली आणि उरलेल्या अर्ध्याला लागली. मी शाळेत जाऊन चूक माझी आहे म्हणून सांगतो असं म्हटलं, तेव्हा मात्र ती चिडली. घरातलं घरात, एवढंच बोलली.

एक गोष्ट तुझ्यापाशी. तुझ्या आईच्या मदतीला बसल्यामुळे काकूंचं स्वतःचं काम साचलं होतं. त्यांच्याकडे शर्टांचा एक गठ्ठा उलटे खिसे लागून आला होता, आणि ते उसवून द्यायला त्यांना वेळ झाला नव्हता. दुपारी ताईचा डोळा लागला की मी त्यांच्याकडे जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि लेख ऐकायला बरा होता म्हणाल्या. मग बारीक कात्री हातात दिली. शिवणं मला येत नाही, पण उसवणं जमेल अशी त्यांची अटकळ होती. माझा धंदा बघता अटकळ बरोबर होती. एक शर्ट फाडला, तो त्यांनी रफू केला. बाकीचे नीट झाले.

काल शेवटचा खिसा सुटला. काकूंनी शर्ट मोजले नाहीत, नुसते उचलून आत नेले. मी मांडीवरचे दोरे झटकले, कात्री डब्यात ठेवली आणि मागच्या दाराने घरी आलो. ताई उठली होती. कुठे गेला होतास म्हणाली. पाय मोकळे करायला, म्हटलं.

हे तिला सांगू नकोस. तुझं प्रेम लांब उभं असलं तरी दिसतंय मला. यायची घाई नाही.

तुझा,
मामा