प्रेरणाची रजा

आदरणीय गोसावी सर,

गेल्या आठवड्यात मी भूलशास्त्र विभागाची प्रमुख झाले. तुमच्या खुर्चीत बसताना आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. माझ्या बाळंतपणाच्या रजेत तुम्ही माझं संशोधन माझा सहकारी आकाश याच्याकडे सोपवलंत आणि म्हणालात, "आता घर सांभाळ, तुझं पुढे बघू." तुमचा आवाज मायेचा होता, म्हणून मी भांडले नाही. ते 'पुढे' कधी आलंच नाही.

काल आमची ज्युनिअर डॉक्टर प्रेरणा आली. सिझेरियनच्या वेळी भूल दिल्यावर बायकांना हुडहुडी का भरते, हा तिचा अभ्यास. खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मला दिवस गेलेत. अभ्यास कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा."

तुमचंच वाक्य माझ्या तोंडून निघतंय की काय, अशी मला भीती वाटली. पण मी म्हणाले, "कुणाला कशाला? तू रजेवर जा. तोवर माहिती आम्ही गोळा करू. अभ्यास तुझा, पहिलं नावही तुझंच."

ती रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "सगळं सोडलं म्हणून घरी सांगूनसुद्धा टाकलंय मी." आम्ही दोघी हसत सुटलो.

सर, तुम्ही माफी मागावी म्हणून हे लिहायला बसले होते. लिहिताना कळलं की आता ती नकोय. पत्र पाठवत नाही. आज सुट्टी आहे. आईकडे जाऊन जेवणार आहे आणि दुपारभर झोपणार आहे.

तुमची विद्यार्थिनी,
चैताली