हिमानीच्या खोलीचं दार

१ नोव्हेंबर, शनिवार
दार आलं. चौकटीसकट आलं, उघडमिटीची फळी, म्हणजे पल्ला, बिजागऱ्यांवर आधीच टांगलेला. भिंतीतल्या मोकळ्या जागेत उभं करायचं, स्क्रू मारायचे, झालं. हॉलच्या टोकाला कडूबा सुतारानं प्लायची भिंत घातलीय, दारापुरती जागा सोडलीय. तिला तिन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या मारून माप बांधून घेणं तेवढं राहिलंय. कडूबा हर्सूलहून येतो म्हणाला. नको म्हणालो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं आरेखक होतो मी. धरणाच्या दरवाजांची ड्रॉइंग काढलीत. हे तर घरातलं दार.
हिमानी पुण्याहून घरी राहायला आलीय. लॅपटॉपवर इथूनच नोकरी. सतरा तारखेला तिचं मोठं प्रेझेंटेशन आहे, प्रमोशन त्याच्यावर. तोपर्यंत खोलीला दार हवं, नाहीतर पुण्याला परत जाईन म्हणते. उद्या संध्याकाळी दार लागलेलं असेल.

२ नोव्हेंबर, रविवार
ड्रॉइंग काढलं. तीन रंगांत. दिवस त्यातच गेला, पण घाईनं कामं बिघडतात. बायकोला दाखवलं. ही म्हणाली, छान आलंय, आता हेच लावा दाराच्या जागी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
शहागंजातून स्क्रू, काटकोन बघायला गुण्या, उभी रेघ बघायला ओळंबा आणला. दुकानदारानं विचारलं, चाचा, मिस्तरी कौन है? मी म्हणालो, मैंच. त्यानं न सांगता स्क्रूचा आणखी एक डबा काढून ठेवला. माणसाची पारख असते एकेकाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
दोन उभ्या पट्ट्या, वर एक आडवी. ठोकल्या. पल्ला तीस इंच, मधली जागा साडेतीस. अर्धा इंच हालचालीला.
ठोकाठोकी चालू असताना हिमानीची मीटिंग होती. तिच्या साहेबांना उगाच वेगळं वाटायला नको म्हणून आत जाऊन कॅमेऱ्यासमोर नमस्कार केला, कामाचं स्वरूप थोडक्यात सांगितलं. दहा मिनिटं. ते फार शांतपणे ऐकत होते.
संध्याकाळी हिमानी बोलली. ते इथं लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
चौकट आत जाईना. ढकलली, तिरकी केली, साबण लावला. नाही. कारखान्याची चूक.
त्यात कडूबा टपकला. कानस विसरला होता म्हणे. बघत उभा राहिला. मग म्हणाला, काका, माप पल्ल्याचं घेतलं व्हय? ह्ये चौकटीचं घ्यायचं असतंय. बाहीरून चौतीस भरतीया ती. मी बसवून देऊ का?
मी म्हणालो, माहीत आहे मला, मी टप्प्याटप्प्यानं जातोय. चहा पाजून वाटेला लावला. कानस त्यानं शेवटी नेलीच नाही. बहुतेक हिनंच फोन केला असावा त्याला.

१० नोव्हेंबर, सोमवार
पट्ट्या उपटल्या. प्लायचा तुकडा सोबत आला. कड सरळ करायला थोडं कापलं. मग दुसरी बाजू वाकडी दिसायला लागली, तीही कापली. आता जागा सदतीस इंच.
चौकट अलगद आत जाते. अलगद बाहेरही येते.
करवतीचा आवाज फार होतो अशी तक्रार. दिवसभर हिमानी गच्चीत उन्हात बसून काम करत होती. कमाल आहे. काम कुणासाठी चाललंय?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दोन्ही बाजूंच्या फटी भरल्या. पाचरी, पुठ्ठा, वरून गुंडाळलेले जुने नकाशे. ओळंबा धरला तर पंख्याच्या वाऱ्यानं हलत राहतो. पंखा बंद केला तर मला घाम येतो. शेवटी नजरेनं उभं केलं.
उभं राहिलं! ही म्हणाली, तिरकं आहे. मी म्हणालो, तू तिरकी उभी आहेस. माझं ताट वाढून स्वतः स्वयंपाकघरात जेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार
दार लावलं की आपोआप उघडतं. कडी पोचत नाही, बोटभर अंतर राहतं. हिमानी म्हणाली, बाबा, उद्या आहे माझं. कडूबाला बोलवू या ना, प्लीज. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मलाही कसंसंच झालं. पण इतकं आणल्यावर आता दुसऱ्याच्या हातात द्यायचं?
उपाय सापडला. उद्या मी स्वतः बाहेरून हँडल धरून बसणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी दीड
साडेदहापासून स्टुलावर होतो. पन्नास मिनिटं व्यवस्थित धरलं. हात भरून आला म्हणून बदलला, तेवढ्यात दार सुटलं. पकडायला गेलो तर चौकटही निघून आली. दार, चौकट, नकाशे आणि मी, सगळे आत. मी बनियनवर होतो.
पडद्यावर चौदा माणसं. त्यांना सांगितलं की काळजी नको, कुणाला लागलं नाही.
हिमानीनं लॅपटॉप मिटला. मोठ्यानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा गुडघा पाहिला, आयोडीन लावलं, आणि कपाटावरून सुटकेस खाली घेतली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हिनं सकाळीच मला वैजापूरला मेव्हण्याकडे पाठवलं. तिथं काहीच काम नव्हतं. मेव्हणा विचारत होता, का आलात? कांद्याचे भाव बघायला, म्हणालो.
संध्याकाळी परत आलो तर दार लागलेलं. कडूबानं तीन तासांत केलं म्हणे. ओळंबा लावून पट्ट्या नव्यानं उभ्या केल्या, फट सगळीकडून सारखी. मी खांद्यानं ढकलून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही. पुन्हा जोरात ढकललं. नाही.
हिमानीला साहेबांनी गुरुवारी पुन्हा संधी दिलीय. सुटकेस अजून खालीच आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार, पावणेबारा
हिमानी अकरापासून आत. दार बंद. बाहेर अगदी पुसट आवाज येतो. मला वाटलं, बिजागरी करकरते का, हे एकदा बघायला हवं. फक्त हँडलवर हात ठेवला. आतलं बोलणं थांबलं. मग कडी लागल्याचा आवाज आला.
एका झटक्यात लागली. कडूबानं बसवलीय चांगली.