मोठ्या टीव्हीचं कव्हर

अहो,

मी पिंकीला घेऊन गंगापूरला आईकडं चालले. भाकरी दुरडीत हाय, आमटी गरम करून घ्या.

आत्याबाईंचं वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात नवी वस्तू नको म्हणलं होतं, तुम्ही ऐकलं नाय. जुन्या टीव्हीला त्यांनी हातानं शिवलेलं कव्हर या मोठ्याला तोकडं पडलं, म्हणून मी ते पेटीत ठेवलं होतं. तुम्ही ड्युटीला गेल्यावर बघितलं, तर तेच कव्हर टीव्हीवर चढवलेलं, अगदी मापात. टाके त्यांच्याच हातचे. वाढवायला जोडलेलं जांभळं कापड तेवढं नीट बघा. त्याच लुगड्यात आपण त्यांना सरणावर ठेवलं होतं.

कव्हर काढू नका. सुई अजून त्यातच टोचलेली हाय, दोरा ओवून.

मंजुळा