रिकामी फेरी

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक, तिकडेही तसंच असावं, एवढं लिहून मोकळी होते, कारण पुढे तुला राग येईल असं बरंच आहे.

पत्र भाचीच्या अक्षरात होतं. म्हणजे प्लॅस्टर निघालं तरी तुला पेन धरवत नाही अजून. रोज कोमट पाण्यात बोटं हलवतेस का? कंटाळा करू नकोस. व्यायामाचं मी सांगतेय म्हणून हसूही नकोस.

आता मुद्द्याचं. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. तळमजल्याची खोली तू रिकामी केलीस, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा बसवलास, भावोजींनी माझ्या दुकानाला गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. सगळं झालं, फक्त मला विचारायचं राहिलं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. मला एमएस आहे, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी खराब झालंय आणि मेंदूने धाडलेला निरोप पायांपर्यंत कधी उशिरा पोचतो, कधी वाटेतच राहतो. पण निरोप धाडणारी अजून मीच आहे.

दुकान चालू आहे. मोठ्या काचा आपला म्हातारा कारागीर उचलतो, कापायचं काम मी उंच स्टुलावर बसून करते. पट्टी लावून काचेवर कापायचा हिरा ओढायला पाय लागत नाहीत. परवा एका गिऱ्हाइकाने कारागिराला विचारलं, "बाईंना जमतं का अजून?" तो म्हणाला, "तुमची काच वाकडी आली तर सांगा." आली नाही.

तुला फिजिओथेरपीच्या बाईंचं सांगायचंय. बाई म्हणायचं आपलं, तुझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "डोळे मिटा आणि उभ्या राहा." मी उठायला लागले. "उठायचं नाही. मनात उभं राहायचं." मी तिला ऐकवलं, मन रमवायला मी इथवर आलेली नाही, त्यासाठी घरी रेडिओ आहे. ती चिडली नाही. म्हणाली, नुसतं मनात चाललं तरी मेंदू चालण्याची तयारी करतो, अशा सरावाने काही जणांचा तोल थोडा सुधारतो. "आजार बरा होणार नाही, आधीच सांगते." या शेवटच्या वाक्यामुळे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पहिल्यापासून खरं बोलणारी माणसं मला हल्ली भेटत नाहीत.

आणि मग बाबांची आठवण झाली. मोठी काच उचलायच्या आधी ते दोन्ही हात पसरून, काच धरल्यासारखे, टेबलापासून दारापर्यंत रिकामेच चालून यायचे. गिऱ्हाइकं हसायची, आपण लाजून आत पळायचो. पाय कुठे वळवायचा, खांदा कुठे तिरका करायचा हे अंगाला आधी कळलं की काच फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. रिकामी फेरी न मारता कुणी काच उचलली तर त्या दिवशी त्याच्याशी बोलायचे नाहीत. मी फिजिओबाईंना म्हटलं, तुमची विद्या आमच्या दुकानात चाळीस वर्षं चालू आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

तर रोज वीस मिनिटं मी खुर्चीत बसून चालू लागले. संपलं की बाई विचारायच्या, "बाहेरून दिसलं, की आतून जाणवलं?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"माझी पाठ. निळा स्वेटर. डावा खांदा खाली झुकलेला."

त्या म्हणाल्या, सिनेमा बघून उपयोग नाही. टाच टेकताना टाचेला काय होतं, घोटा कसा सावरतो, कमरेतून वजन कसं सरकतं, ते आतून जाणवायला हवं. आठ दिवस जिवाचा आटापिटा केला. डोळे मिटले की पाठच समोर.

नवव्या दिवशी मीच स्वतःला विचारलं, माझी पाठ मी जन्मात कधी बघितली? दोन पावलं मागून, दोन्ही हात पुढे धरून, सहा महिने इथे राहून कोण चालत होतं? मी स्वतःला तुझ्या डोळ्यांनी बघत होते, ताई. आणि त्या डोळ्यांना मी सारखी पडतानाच दिसते. मला इतका राग आला की त्या खुर्चीत बसून रडले.

मग तुला मनातून बाहेर काढायचं ठरवलं. म्हटलं, ताई, तू जरा आत जा, मी चालते. तू जाईनास. कल्पनेतसुद्धा तुझा हट्ट तोच. तीन दिवसांनी गेलीस एकदाची, आणि पहिल्यांदा मला स्वयंपाकघराची गार फरशी टाचेखाली लागली. आता आकडा सांगते, तुला आकडे पटतात. एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून, कशालाही न धरता, मी सहा सेकंद उभी राहायचे. आता एकोणीस. बाई घड्याळ लावून मोजतात.

१५ मार्च

काल इथे पत्र बाजूला ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. आज लिहिते.

घरातलं चालणं जमल्यावर बाईंनी मला मनात जिना उतरायला लावलं. मधल्या वळणापर्यंत नीट यायचे. वळणानंतर तिसऱ्या पायरीवर पाय थांबायचा. रोज तिथेच. त्यांनी विचारलं, "तिथे काय आहे?" मी म्हटलं, तिथे पाणी सांडलं होतं, माझी ताई घसरली, तिचं मनगट मोडलं. "मग पाणी जाणवू द्या पायाला, आणि पुढे जा."

मी पाणी शोधलं. चपलेचं रबर पायरीवर घट्ट बसलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं. पायरी कोरडी होती. कोपराखाली तुझा हात होता आणि कानाशी तुझा आवाज, "हळू, पडशील." त्या सकाळी किती वेळा म्हणाली होतीस, मी मोजणं सोडलं होतं. मी कोपर झटकलं. जोरात, मुद्दाम. तोल माझा जायला हवा होता, गेला तुझा.

शेजारी धावत आले तेव्हा तू मनगट पोटाशी धरून बसली होतीस आणि तुझा पहिला शब्द होता, "पाणी होतं इथे." मी गप्प राहिले. त्या पाण्यापायी जिना पुसणाऱ्या बाईचं काम गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे तुला कुणी कळवलं नसेल. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि दोन महिने मी त्याच जिन्याने गेले आले. आणि आता तुझ्या पत्रात पुन्हा, पोरीच्या अक्षरात, "पाण्यामुळे घसरले, तू मनाला लावून घेऊ नकोस."

गेल्या मंगळवारी सकाळी खुर्चीत बसून दोन रिकाम्या फेऱ्या मारल्या, माझ्या दारापासून इमारतीच्या व्यवस्थापकाच्या दारापर्यंत. मग उठले. कठडा धरून जिना उतरले, तिसऱ्या पायरीवरूनही. अंगणात धरायला काही नाही. तिथे दोनदा थांबले, पडले नाही. व्यवस्थापक म्हणाले, बसा. मी उभ्यानेच सांगितलं सगळं.

ऐकून ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावर एकट्या राहणं धोक्याचंच की." थेट तुझं वाक्य. खरं सांगून मी तुमच्या हातात मुद्दा देतेय, हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी पाय जागेवर होते. घात माझ्या रागाने केला. तो तळमजल्यावरही माझ्याबरोबर येईल."

बुधवारी मला अंथरुणातून उठताच आलं नाही. हेही लिहिते, नाहीतर तू दुसऱ्या कुणाकडून ऐकशील. गुरुवारी जिना पुसणारी बाई परत कामावर आली. मी दारात उभी राहून माफी मागितली. तिने हात थांबवला नाही. "मी पायरी कोरडी करूनच खाली सरकते. तेव्हाच सांगत होते सगळ्यांना," म्हणाली, आणि खालची पायरी पुसायला लागली. तिने माफ केलं नाही. तिची मर्जी.

तर अशी मी, इथेच राहणार. उद्या चाकाची खुर्ची लागली तर घेईन, आणि ती कुठे फिरवायची ते मी ठरवेन. भावोजींना सांग, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा.

एक काम कर. हे पत्र पोरीला मोठ्याने वाचायला लाव. तिच्या हातून तू ते पाणी लिहून घेतलंस, तर खरं काय ते तिच्या तोंडून ऐक: पायरी कोरडी होती, मावशीने आईचा हात झटकला, आणि मावशी दोन महिने गप्प बसली.

मग रागाव माझ्यावर. लहानपणी रागवायचीस तशी, मनापासून. आजार कळल्यापासून तू एकदाही रागावली नाहीस. हात मोडला तरी नाही. आजारी माणसावर कुणी रागावत नाही, ताई, आणि मला ती सूट नको आहे.

उत्तर डाव्या हाताने लिहिलंस तरी चालेल.

तुझं मनगट मोडणारी,
तुझी धाकटी बहीण