डबल बेल

८ नोव्हेंबर, शनिवार
सोसायटीच्या गेटला गाडी घासली. गेट जागच्या जागी आहे, गाडीही चालू आहे, पण आनंद हिंजवडीहून असा धावत आला जसा काही मी पूल पाडलाय!

चिरंजीवांचा निकाल तयारच होता. गाडी विकायची, हा फ्लॅट बंद करायचा आणि आईने हिंजवडीला त्यांच्याकडे राहायला यायचं. सुनेचंही तेच म्हणणं आहे म्हणे. एकसष्टाव्या वर्षी एकटीने राहू नये, गाडी तर मुळीच चालवू नये. स्वारगेट डेपोला सव्वीस वर्षं कंडक्टर होते, लाखो किलोमीटरचे खड्डे या कमरेने झेललेत, हे तो विसरला. गाडी माझ्या पैशांची. शिकलेही मीच, एकोणसाठाव्या वर्षी.

रागाच्या भरात म्हणाले, मी गोव्याला गाडी घेऊन जाणार आणि फेरीबोटीत घालून बेटावर नेणार. तो हसला. मग मात्र पैज लागली. गाडीला नवा ओरखडा न पडता आले तर हिंजवडीचा विषय कायमचा बंद. पडला तर गाडी विकून मुकाट्याने त्याच्याकडे.

ठरलं म्हणाले. आता जायलाच हवं.

९ नोव्हेंबर
बेटाचं खूळ आजचं नाही. दोन वर्षं पणजीची ड्युटी होती. पहाटे बस नदीकाठाने जायची, तेव्हा पलीकडे निघालेली फेरीबोट दिसायची. तिच्यावर गाड्या, माणसं, मासळीच्या पाट्या. समोर हिरवंगार बेट. उतरून जावंसं फार वाटायचं, पण परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. इतरांना त्यांच्या त्यांच्या गावी उतरवण्यात नोकरी संपली.

१२ नोव्हेंबर
यमुनाबाई येते म्हणाली! माझ्याच डेपोची, माझ्यासारखीच रिटायर. मुलाला काय सांगणार विचारलं, तर म्हणे, "आल्यावर सांगेन."

तिनेच बातमी आणली. फेरीबोटीत गाडी उलटी चढवावी लागते. रिव्हर्स! म्हणजे माझं नेमकं दुखणं.

१५ नोव्हेंबर
रोज सकाळी पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव. वरच्या मजल्यावरचे सलिल चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे असतात. आज मीच त्यांना विचारलं, तिकीट लावू का?

जन्मभर मी बसच्या मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हटलं. ड्रायव्हरला मागचं कसं दिसत नाही याचा मला राग यायचा. आता कळतंय. खरंच दिसत नाही.

१८ नोव्हेंबर
जमतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार — पणजी
काल कोल्हापूरला मुक्काम, आज घाट उतरून इथे. घाटात मागचा टेम्पोवाला सारखा हॉर्न मारत होता. यमुनाबाईने काच खाली करून त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

आनंदचे पाच फोन. एकच उचलला. सांगितलं, ड्रायव्हरशी बोलू नये, अशी पाटी असते गाडीत.

२२ नोव्हेंबर
झालं ते जसं झालं तसं लिहिते.

धक्क्यावर आमचा नंबर आला. खलाशाने हाताने खूण केली, गाडी वळवा, उलटी घ्या. यमुनाबाई उतरून बाजूला उभी राहिली. मी आरशात बघत, क्लच धरून हळूहळू मागे. फळी वाजली, चाकं बोटीवर चढली. सरळ! अगदी सरळ! खलाशी डिकीशी उभा होता. त्याने डिकीवर दोन थापा मारल्या. थप थप.

त्याचा अर्थ होता, पुरे, थांबा.

पण सव्वीस वर्षं दोरी ओढलेल्या बाईला दोन म्हणजे डबल बेल. सिंगल बेल थांब, डबल बेल चल. डोकं मध्ये आलंच नाही, पायानेच ऐकलं. दिला की गॅस! बंपर मागच्या लोखंडी कठड्यावर. आवाज असा झाला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

खलाशी ओरडला, मी त्याच्यावर ओरडले. यमुनाबाईला कारण कळलं आणि ती हसत सुटली. मग मलाही आवरेना. दोघी त्या कठड्याला धरून रडेपर्यंत हसलो. बोट सुटल्याचंही कळलं नाही.

बेट सुंदर आहे. भातखाचरं, काठाने कांदळवन, टेकडीवर पांढरं चर्च, रस्त्यात ऐटीत बसलेल्या म्हशी. उकड्या भाताबरोबर माशाची आमटी जेवलो. बंपरला खोलगट पोचा आहे. पैज हरले.

२३ नोव्हेंबर
आज दुसरं बेट. चढण्याआधीच खलाशाला बजावलं, एक थाप थांब, दोन थापा चल. तो म्हणाला, "बाई, बोट माझी आहे." मी म्हणाले, पाय माझा आहे! ऐकलं त्याने. केसभरही कुठे लागलं नाही.

२४ नोव्हेंबर
यमुनाबाई म्हणते, कोल्हापूरला गॅरेजमध्ये पोचा काढून घेऊ, कुणाच्या बापाला कळणार नाही. नको म्हणाले. लपवायला मी चोरी केलेली नाही.

पोच्याचा फोटो काढून आनंदला पाठवला. खाली लिहिलं, शब्द दिला होता हे खरं, मोडणार आहे हेही खरं. गाडी विकणार नाही, हिंजवडीला येणार नाही.

२५ नोव्हेंबर — पुणे
पोचलो. आनंदने फोटो बघितलाय, उत्तर नाही. फुगला असेल. फुगू दे! भांडायला येईल तेव्हा बघू.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आनंद आला. पोच्याकडे वळूनही बघितलं नाही. सूनबाई, प्रियदर्शनी, जूनपासून माहेरी आहे, परत येणार नाही म्हणते. पाच महिने माझा मुलगा त्या फ्लॅटमध्ये एकटा राहतोय. "तुझी काळजी नव्हती गं आई. मलाच घर खायला उठतं."

त्याला जेवायला वाढलं. चार साड्या पिशवीत भरल्या, फ्लॅटला कुलूप लावलं. गाडी मी चालवली, तो शेजारी बसला.