हत्तीचा डोळा

अण्णा, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतलं ते घर आता लॉज झालं आहे. मुलाचं लग्न झालं त्याच वर्षी ती मंडळी कलकत्त्याला गेली, बाहेरच्या फाटकाला कुलूप लागलं आणि म्हणून आतल्या दाराच्या दोन बाजूंचे हत्ती वाचले. तुमचं म्हणून ओळखलं जाणारं दुसरं एकही दार या गावात शिल्लक नाही. दर लग्नाला लोक भिंतीला चुना फासून नवं चित्र काढून घ्यायचे. आपलं काम पुढच्या लग्नापर्यंतचं, असं तुम्हीच म्हणायचात. परवा दिल्लीहून एक बाई आल्या होत्या, जुन्या भित्तिचित्रांवर पुस्तक करताहेत. फोटो काढून झाल्यावर त्या पुन्हा डाव्या हत्तीजवळ गेल्या आणि मला म्हणाल्या, "आपके पिताजी ने आँख में क्या डाल दिया है. ये तो सचमुच देखता है." लॉजचा मालक खूश झाला. म्हणाला, "यहाँ पीतल की पट्टी लगवा देते हैं, गुरुजी के नाम की. बहनजी, नाम ठीक से लिखवा दीजिए, ग़लती न हो." मी तुमचं नाव लिहून दिलं. घरी आल्यापासून काही सुचत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचा नियम सगळ्या मोहल्ल्याला माहीत होता. चित्र आदल्या दिवशी पुरं व्हायचं, पण हत्तींचे डोळे कोरे राहायचे. नवी सून दाराशी येऊन उभी राहिली की तुम्हाला पुढे बोलवायचे. "चलिए गुरु, अब हाथी जगाइए." तुम्ही कुंचला घेऊन जायचात, डोळा भरायचात, मग सून माप ओलांडल्यासारखी उंबरा ओलांडायची आणि घरचा कर्ता तुमच्या हातात नेग म्हणून धोतरजोडी द्यायचा. आपले नातेवाईक पंचगंगा घाटावर यात्रेकरूंना संकल्प सांगत आणि तुम्हाला भिंती रंगवणारा म्हणून हसत, पण त्या एका घटकेला सगळी गल्ली तुमच्याकडे बघत असे. अंबारी, झूल, पायातले वाळे, सोंडेतलं कमळ यांत कुणाचे दोन दिवस गेले, हे कोण विचारणार?

माझं इंटर झालं त्या वर्षी तुमचा उजवा हात थरथरायला लागला. घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही. आईने तुमचा चहा पेल्याऐवजी वाटीत, तोही अर्धाच द्यायला सुरुवात केली, एवढंच. मग सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत मी भिंतीपाशी उभी राहायची आणि तुम्ही पायरीवर बसून सांगायचात: सोंड जाड झाली, पाय आखूड झाला. वर्दळ वाढली की मी घरी. संध्याकाळी तुम्ही एकटे जायचात आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून डोळा भरायचात. लोकांना वाटायचं तोही काही विधीच आहे. लोक आदराने हात जोडायचे. सहा वर्षं असं चाललं. त्या सहा वर्षांतले सगळे हत्ती माझे होते, हे तुम्हाला, मला आणि आईला माहीत होतं. चौथ्या माणसाला तुम्ही कधी सांगितलं नाही.

एकदा मंगला गौरीजवळच्या घरी मी डोळाही भरून टाकला. बंड वगैरे काही नव्हतं, हत्ती पुरा झाला होता आणि हात थांबला नाही. तुम्ही घरच्या मालकासमोर ओल्या फडक्याने तो पुसलात. गालापर्यंत काळं ओघळलं. "कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "बाकी सगळं मीच काढलंय, अण्णा." तर म्हणालात, "हात चालतो म्हणून कोणी चितारी होत नाही." मालक बिचारा मध्ये पडला, "जाने दीजिए गुरु, बिटिया है." "बिटिया है, इसीलिए," असं त्याला म्हणालात. मी रंगाचे डबे उचलून घरी आले. आईने पान वाढलं आणि म्हणाली, "मनावर घेऊ नकोस. त्यांना आता तेवढंच उरलंय." मला काय उरलंय, हे तिने विचारलं नाही. आपल्या दाराशी तर हत्ती रंगायची वेळ कधी आलीच नाही.

तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षं मी घरोघरी विचारून पाहिलं. "गुरुजी नहीं रहे, अब क्या," असं म्हणून लोक पाणी द्यायचे. मग लग्नं लॉनवर व्हायला लागली, दारावर फ्लेक्स आले. मी तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, म्हणजे सफरचंदात लाल रंग भरून घेतला. आता रिटायर झाल्यावर या लॉजवाल्याला खोल्यांतून हत्ती हवे आहेत. पाहुण्यांना तो माझी ओळख करून देतो, "गुरुजी की बेटी हैं, वही हाथ उतरा है." चित्र वाळलं की त्यावर चहाचं पाणी फिरवायला लावतो, जुनं दिसावं म्हणून. एकदा मी त्याला माझं एक चित्र दाखवलं होतं. पूर ओसरल्यावर पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरचा गाळ माणसं पाइपाने धुताहेत, असं. नीट पाहून म्हणाला, "बढ़िया है बहनजी. लेकिन गेस्ट को हाथी चाहिए, गुरुजी वाला." वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी तुमचीच नक्कल करून जगते आहे, आणि ती नक्कल माझ्याच हाताची आहे.

पट्टी सोमवारी बसेल. एक फोन केला तर नाव बदलता येईल. पण मग त्या हत्तींना गुरुजींचे कोण म्हणणार, आणि उरलेल्या चार खोल्या मला कोण देणार? मी फोन करणार नाही.

संकठा घाटाच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही तापाने पडून होतात. "डोळे कोरेच राहू देत, बरा झालो की जाईन," असं म्हणून मला निरोप द्यायला पाठवलंत. मी पोचले तेव्हा सून उन्हात उभी होती. तिची सासू म्हणाली, "गुरुजी नहीं आए तो तुम्हीं कर दो, बहू कब तक खड़ी रहेगी." नेगाची साडी मी घरी आणली नाही, वाटेत देवीला वाहिली. तुम्ही विचारलंत, "कोरेच ठेवलेस ना?" मी हो म्हटलं, आणि तुम्ही कूस बदलून शांत झोपलात. तुम्ही हिंडाफिरायला लागेपर्यंत ती मंडळी कुलूप लावून गेली होती. शेवटच्या आजारातही म्हणत होतात, त्या घराचं कुलूप उघडलं की दोन डोळे भरायचे राहिलेत.

ते राहिले नव्हते, अण्णा. मी भरले होते. माझा हात तेव्हा दगडासारखा स्थिर होता. तरी मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं, तुमच्यासारखं.